जामीनदार

२००९ सालच्या रमजानमधली गोष्ट. तरावीहची नमाज संपवून घरी आलो, तर आमच्या ओट्यावर शेजारच्या खाला बसलेल्या. मोहल्ल्यात त्यांना लहानथोर सगळे खालाच म्हणत. नवरा तरुणपणीच गेला. गोधड्या शिवून आणि लोकांच्या लग्नाकार्यात स्वयंपाकाला जाऊन त्यांनी दोन मुलं वाढवली होती. त्यातला धाकटा एकोणीस वर्षांचा. आठवड्याच्या बाजारात एका शेतकऱ्यानं पोत्यावर ठेवलेला मोबाईल आणि पैशांची पिशवी त्यानं उचलली, आणि पळताना लोकांनी धरला. दोन्ही मिळून साडेचार हजारांच्या आतला माल. चोरी त्यानं केली होती, त्यात काही शंका नव्हती. खालाही ते नाकारत नव्हत्या.

कोर्टानं जामीन मंजूर केला होता. पंधरा हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक ऐपतदार जामीनदार. पण खालांचं घर भाड्याचं. सातबारा नाही, पगारपत्रक नाही. मोठा मुलगा सेंट्रिंगच्या कामावर, आज इथं तर उद्या तिथं. मोहल्ल्यात पगारपत्रक असलेले आम्ही चौघं-पाचजण. त्यातही सरकारी अनुदानाच्या शाळेत कायम नोकरी असलेला मी एकटाच.

"मास्तर, तुमे खाली एक सही करो. बच्चा ईद को घर आयेंगा," खाला म्हणाल्या.

पैसे भरायचे नव्हते. रेशनकार्ड, घराचा उतारा, पगारपत्रक आणि दोन फोटो घेऊन कोर्टात उभं राहायचं होतं, एवढंच. मी म्हणालो, "खाला, शाळेतून परवानगी काढावी लागते. बघतो दोन-चार दिवसांत."

अशी काही परवानगी लागत नाही, हे मला ठाऊक होतं. मी खोटं बोललो, आणि तेही रोजा ठेवून नमाज पढून आल्यावर. आज लिहितानाही लाज वाटते, पण ज्या कारणासाठी लिहायला बसलो आहे ते या वाक्यावाचून सांगता येणार नाही.

मी का घाबरलो? तेव्हाची हवा आठवावी. स्फोट झाला की आपल्या वस्त्यांत रात्री-बेरात्री गाड्या यायच्या. आपल्या नावाचा माणूस कोर्टाच्या आवारात दिसला की बघणाऱ्याची नजर बदलायची. शाळेत चाळीस शिक्षकांत मी एकटा मुसलमान. "मास्तर चोरांना जामीन राहतात" ही बातमी स्टाफरूममध्ये कशी पसरेल, याचं चित्र माझ्या डोळ्यांपुढं उभं राहिलं. हे खरं कारण. आणि त्याच्याआड लपलेलं त्याहून खरं कारण असं, की त्या मुलाची जबाबदारी मला नको होती. तो तारखेला आला नाही तर? पुन्हा चोरी केली तर? माझी पंचवीस वर्षांची अब्रू मी पणाला का लावू?

दोन-चार दिवसांचे दोन आठवडे झाले. ईद आली. खाला शिरखुर्म्याचा वाडगा घेऊन नेहमीसारख्या घरी आल्या. त्यांनी विषय काढला नाही. मीही काढला नाही.

बकरी ईदच्या आधी एकदा खालांच्या सोबतीला म्हणून मी जेलमध्ये मुलाखतीला गेलो. सही केली नाही, निदान सोबत तरी करू, असा विचार. जाळीच्या अलीकडं वीस-पंचवीस माणसं, पलीकडं तेवढेच कैदी, आणि सगळे एकाच वेळी ओरडून बोलणारे. खाला ओरडून विचारत होत्या, "जेवला का? झोप लागती का?" तो मला बघून जाळीपर्यंत आला. पोरगा वाळला होता. हाताच्या बोटांच्या बेचक्यांत खरूज झाली होती. त्यानं विचारलं, "मास्तर, जामीन का क्या हुआ?"

मी म्हणालो, "चाललंय."

अकरा महिने तो आत राहिला. कोर्टानं दिलेल्या वकिलांनी सांगितलं, गुन्हा कबूल कर, सुटशील. त्यानं कबूल केला. शिक्षा झाली ती आत काढलेल्या दिवसांइतकीच. म्हणजे निकाल लागला त्याच दिवशी तो बाहेर आला. कायद्याच्या दृष्टीनं प्रकरण मिटलं.

बाहेर आला तो आमचा पोरगा नव्हता. आतून त्याला दोन दोस्त मिळाले होते, आणि ते पहिल्याच आठवड्यात मोटरसायकलवरून मोहल्ल्यात आले. ज्या गॅरेजवर तो आधी काम करत होता, तिथल्या मालकानं हात जोडले. एका कारखान्यात वॉचमनची जागा निघाली होती. तिथं पोलिसांकडचा चारित्र्याचा दाखला मागितला. वर्षाच्या आत तो गाव सोडून गेला. कुणी म्हणायचं भिवंडीत आहे, कुणी म्हणायचं सुरतेला. २०१४ साली खाला वारल्या, तेव्हा त्याला निरोप पोहोचायला उशीर झाला. तो आला तेव्हा माती होऊन दोन दिवस झाले होते. कबरीजवळ थोडा वेळ बसला आणि रात्रीच्या एसटीनं परत गेला. माझ्याकडं आला नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटली. ती आता तालुक्याच्या कोर्टात वकिली करते. चहा पिताना मी तिला ही हकिकत सांगितली, अर्थात माझा भाग थोडा गाळून. ती म्हणाली, "सर, पण याला आत ठेवायची गरजच नव्हती. १९५८ चा कायदा आहे ना!"

तोवर मी तो कायदा ऐकलाही नव्हता. आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेला नसेल, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८. परिवीक्षा म्हणजे प्रोबेशन. साध्या चोरीसारखा गुन्हा असेल आणि आरोपीला आधी कधी शिक्षा झालेली नसेल, तर कोर्टाला नुसती समज देऊनही सोडता येतं. गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप नसेल, तर शिक्षा लगेच न सुनावता चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर, जास्तीत जास्त तीन वर्षांच्या मुदतीसाठी, माणसाला सोडता येतं. त्याच्यावर परिवीक्षा अधिकाऱ्याची देखरेख ठेवता येते. ज्याचं नुकसान झालं त्याला भरपाई द्यायला लावता येते. आणि एकवीस वर्षांच्या आतल्या मुलाला तुरुंगात पाठवायचंच असेल, तर का पाठवतो याची कारणं न्यायाधीशाला लिहून ठेवावी लागतात. याच कायद्यात आणखी एक कलम आहे. त्याखाली सुटलेल्या माणसाला दोषी ठरल्यामुळं येणारी अपात्रता चिकटत नाही. माझ्या डोळ्यांपुढं लगेच तो वॉचमनच्या जागेचा अर्ज आला.

म्हणजे तुरुंगाला पर्याय आहे का, हा प्रश्न आपण उगाच विचारतो. पर्याय माझ्या जन्माच्या आधीपासून कायद्याच्या पुस्तकात आहे. मग तो वापरला का जात नाही? मी तिला तेच विचारलं. तिनं मला त्या चौथ्या कलमातली अट वाचून दाखवली. माणसाला बंधपत्रावर सोडण्यापूर्वी कोर्टाची खात्री व्हावी लागते, की त्याला किंवा त्याच्या जामीनदाराला राहण्याचं ठरलेलं ठिकाण आहे, नाहीतर नियमित कामधंदा आहे. ती म्हणाली, "सर, गरिबाकडं ठिकाण नसतं. आणि ज्यांच्याकडं ठिकाण असतं, ते जामीन राहत नाहीत."

तिला माझी हकिकत पुरती माहीत नव्हती. पण ते वाक्य थेट माझ्या ओट्यावर येऊन बसलं.

आमचे अब्बा मणेर होते. सायकलच्या मागं बांगड्यांची पेटी बांधून आटपाडीच्या आसपासच्या खेड्यांत फिरत. सुट्टीत मला पुढच्या दांडीवर बसवून नेत. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची वस्ती आहे. तिथंही आम्ही जात असू. लहान घरं, भोवती शेती, विहीर, कोंबड्या, पोरं. अब्बा एखाद्या ओट्यावर पेटी उघडायचे आणि बायका हात पुढं करायच्या. मला वाटायचं, हेही इतरांसारखंच एक खेडं. एकदा परतताना अब्बा म्हणाले, ही माणसं कैदी आहेत. बहुतेकांनी खून केलेले आहेत.

मी विचारलं, "फिर दीवार किधर है?"

अब्बा म्हणाले, "बायकाबच्चे हैं ना उनके इधर. भागके किधर जायेंगे?"

त्या वयात मला एवढंच कळलं, की कैद्याच्या बायकोच्या हातात अब्बांनी हिरव्या बांगड्या भरल्या. पुढं वाचनात आलं ते असं. आटपाडी हा भाग जुन्या औंध संस्थानात होता. राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ च्या सुमारास मॉरिस फ्रिडमन या पोलंडहून आलेल्या इंजिनियरच्या पुढाकारानं हा प्रयोग सुरू केला. कैद्यांना भिंतीबाहेर काढायचं, जमीन द्यायची, बायकामुलं सोबत ठेवू द्यायची आणि विश्वासावर सोडायचं. याच प्रयोगावरून आटपाडी भागातल्याच ग. दि. माडगूळकरांनी कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट काढला. तो चित्रपट बर्लिनपर्यंत गाजला. संस्थान विलीन झालं तरी खुली वसाहत म्हणून स्वतंत्रपूर चालू राहिलं. चित्रपट आपण सगळ्यांनी पाहिला, त्यातलं गाणं शाळाशाळांत म्हटलं. पण ज्या विचारातून ती वस्ती उभी राहिली, तो विचार आटपाडीच्या माळावरच राहिला.

स्वतंत्रपूर शिक्षा झालेल्यांसाठी आहे. शिक्षा न झालेल्यांचं काय? २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांवर माणसं होती. त्यातली ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी होती. म्हणजे शंभरातल्या पंचाहत्तरांचा खटलाच संपलेला नव्हता. तुरुंगांची क्षमता होती साडेचार लाखांच्या आत. आणि या गर्दीत आपल्या समाजाचा वाटा लोकसंख्येतल्या वाट्यापेक्षा जास्त असतो, हे सरकारचेच आकडे वर्षानुवर्षं सांगतात. महाराष्ट्राच्या अल्पसंख्याक आयोगासाठी टाटा समाजविज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी राज्यातल्या तुरुंगांमधल्या मुस्लिम कैद्यांची पाहणी केली होती. २०११-१२ च्या सुमाराची ती पाहणी. आपल्या मासिकांत तिच्यावर थोडं लिहून आलं, भाषणांत उल्लेख झाले. अन्यायाची बाजू आपण नीट मांडली, आणि ती मांडलीच पाहिजे. पण त्या प्रत्येक कच्च्या कैद्यासाठी बाहेर एखादा मास्तर "चाललंय" म्हणत बसला असेल का, हा प्रश्न आपण स्वतःला विचारला नाही.

जामीनदाराची गोष्ट आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढंही गेलेली आहे. १९७८ सालचं मोतीराम प्रकरण. मध्य प्रदेशातला एक गरीब गवंडी. त्याला दहा हजारांचा जामीनदार मागितला गेला. भाऊ उभा राहायला तयार होता, पण त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात, म्हणून तो नाकारला गेला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ते चूक ठरवलं आणि हजार रुपयांच्या स्वतःच्या बंधपत्रावर गवंड्याला सोडायला सांगितलं. दुसऱ्याच वर्षी हुसैनारा खातून प्रकरण आलं. बिहारच्या तुरुंगांत वर्षानुवर्षं खितपत पडलेल्या कच्च्या कैद्यांचं. खटला लवकर चालणं हा माणसाचा मूलभूत हक्क आहे, असं न्यायालयानं त्यात सांगितलं. भारतातल्या प्रत्येक वकिलाला आपल्यातल्या एका बाईचं हे नाव पाठ आहे. आपल्या किती जमातींना ते माहीत आहे?

आणि प्रोबेशन या कल्पनेचा उगम शोधायला गेलो, तेव्हा तिथंही एक जामीनदारच भेटला. बोस्टन शहरातला जोडे शिवणारा एक कारागीर, जॉन ऑगस्टस. १८४१ साली तो कोर्टात बसलेला असताना एका दारुड्याला आणलं. तुरुंगात पाठवणार, हे नक्की होतं. ऑगस्टस त्याच्याशी बोलला आणि न्यायाधीशाला म्हणाला, मी याला जामीन राहतो. तीन आठवड्यांनी तो माणूस शुद्धीत आणि नीटनेटका होऊन कोर्टात आला, तेव्हा त्याला नावापुरता एक सेंट दंड झाला. त्यानंतर १८५९ साली मरेपर्यंत ऑगस्टस सुमारे दोन हजार माणसांना जामीन राहिला. तिथल्या सरकारनं त्याविषयी कायदा केला तो १८७८ साली. आधी एक माणूस उभा राहिला आणि कायदा नंतर आला. आमच्याकडं उलटं झालं. कायदा येऊन साठ वर्षं उलटली, आणि माणूस अजून यायचा आहे.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. बद्रच्या लढाईनंतरची रिवायत आपण लहानपणापासून ऐकतो. जे कैदी खंडणी देऊ शकत नव्हते पण लिहिणं-वाचणं जाणत होते, त्यांना सांगण्यात आलं, मदीनेच्या दहा-दहा मुलांना शिकवा आणि मोकळे व्हा. ते लढाईतले कैदी होते, चोर नव्हते, हा फरक मी जाणतो. तरीही विचार बघा. ज्यानं आपलं नुकसान केलं, त्याच्याकडून आपल्या मुलांचं भलं करून घ्यायचं. कफ्फाऱ्याचंही तसंच. कसम मोडली तर भुकेल्यांना जेवू घाला. चूक झाली की कुणाचं तरी पोट भरावं, अशी ती रचना आहे. आणि हजरत युसूफ यांचा किस्सा? सुटून जाणाऱ्या सोबत्याला ते सांगतात, मालकापुढं माझा उल्लेख कर. तो बाहेर जातो आणि विसरतो. युसूफ आणखी काही वर्षं आत राहतात. दरवेळी हा किस्सा ऐकताना मी युसूफ यांच्या सब्रबद्दल ऐकायचो. आता मला तो विसरणारा माणूस आठवतो.

यावर लोक काय म्हणतात, तेही मला ठाऊक आहे. पहिला प्रश्न, ज्याचं नुकसान झालं त्याचं काय? तो शेतकरी मला पुढं बाजारातच भेटला. डाळिंबं विकायला आला होता. मी ओळख काढली. तो म्हणाला, "मास्तर, मोबाईल पोलिसांकडं जप्त होता, मिळवायला हेलपाटे घालावे लागले. साक्षीला म्हणून बोलवलं, दोनदा तारीख पुढं ढकलली. दोन बाजार बुडाले. त्याला आत टाकून माझ्या पदरात काय पडलं?" त्याला त्याची वस्तू हवी होती, आणि कुणीतरी चुकलो म्हणायला हवं होतं. तुरुंगानं त्यातलं एकही दिलं नाही.

दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला भरधाव गाडीनं दोन तरुण इंजिनियर मारले गेले. गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाला काही तासांत जामीन मिळाला, आणि अटींत एक होती तीनशे शब्दांचा निबंध. लोक भडकले, आणि दोन-तीन दिवसांत त्याची रवानगी निरीक्षणगृहात झाली. तेव्हापासून तुरुंगाऐवजी दुसरं काही असं म्हटलं, की समोरचा निबंधाचं नाव काढतो. "म्हणजे मोठ्यांच्या पोरांना निबंध आणि आमच्यांना जेल!" हा राग खोटा नाही. पण त्याचं उत्तर सगळ्यांना जेल हे नाही. श्रीमंताच्या मागं वकील, बाप, बंगला सगळं उभं राहतं, म्हणून त्याच्यासाठी वाट निघते. गरिबासाठीही कुणी उभं राहिलं तरच ती वाट त्याची होईल. आणि दोन जीव जाणं आणि एक मोबाईल जाणं यांना एका तराजूत घालू नये, हेही उघड आहे. माणसाला मारणाऱ्या, बाईवर हात टाकणाऱ्या गुन्हेगाराबद्दल मी इथं बोलत नाही. मी त्या एकोणीस वर्षांच्या पोराबद्दल बोलतो आहे.

२०१९ साली मी निवृत्त झालो. त्याच हिवाळ्यात दुसरी वेळ आली. मोहल्ल्याच्या टोकाच्या घरातला वीस वर्षांचा मुलगा. विहिरीवरच्या मोटारीची तांब्याची तार चोरताना सापडला. वकील माझीच विद्यार्थिनी. ती म्हणाली, "सर, गुन्हा कबूल करतोय. १९५८ च्या कायद्याखाली अर्ज करते. पण जामीनदार लागेल." या वेळी मी दोन दिवस झोपलो नाही, पण तहसील कचेरीत गेलो, ऐपतीचा दाखला काढला आणि कोर्टात उभा राहिलो. न्यायाधीशांनी माझ्याकडं बघून विचारलं, "मास्तर, तुम्ही याचे कोण?" मी म्हणालो, "शेजारी." त्यांनी मान हलवली आणि लिहून घेतलं.

एक वर्षाचं बंधपत्र. परिवीक्षा अधिकाऱ्याकडं हजेरी. शेतकऱ्याला भरपाई. लगेच मार्चमध्ये लॉकडाऊन आलं. अधिकाऱ्यांना फिरता येईना, ते फोनवर चौकशी करत. राहिलो मी. रोज मगरीबनंतर त्याच्या दारात जाऊन बसायचो. तो काही फरिश्ता झाला नाही. आईशी भांडायचा, माझ्यावर वैतागायचा. लॉकडाऊन उठल्यावर एकदा दोन दिवस नाहीसाच झाला. ते दोन दिवस माझ्या घरात चूल पेटली, पण मी जेवलो नाही. पंधरा हजारांची भीती नव्हती. कोर्टात "शेजारी" म्हणून सांगितलेला शब्द खोटा पडेल, ही भीती होती. तिसऱ्या दिवशी तो कऱ्हाडहून परत आला. कामाला गेलो होतो म्हणाला. मी त्याला चार माणसांत झाडलं. तो ऐकून घेऊन म्हणाला, "चाचा, तुमी इतके घाबरले?" त्या दिवसापासून गावाबाहेर जाताना सांगून जायला लागला. भरपाईचे आठ हजार मी आधी भरले, ते त्यानं मला हप्त्या-हप्त्यानं परत केले. शेवटचा हप्ता द्यायला अडीच वर्षं लागली. आज तो मोटार रिवाइंडिंगचं काम करतो. शेतकऱ्यांच्या जळालेल्या मोटारींत तांब्याची तार भरतो. ज्याची तार चोरली होती, तो शेतकरीही आता त्याच्याकडंच येतो. नावावर अपात्रता नाही. वर्षभर चार भिंतींत ठेवलं असतं, तर सरकारचा खर्च झाला असता आणि आम्हाला आणखी एक मोटरसायकलवाला मिळाला असता.

आता कायदा आणखी एक पाऊल पुढं गेला आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्यात पहिल्यांदाच समाजसेवा ही शिक्षा म्हणून आली आहे. सहा लहान गुन्ह्यांना. त्यात पाच हजारांच्या आतली पहिली चोरी आहे, अट एवढीच की वस्तू किंवा तिची किंमत परत करायची. म्हणजे खालांच्या पोरानं केली तीच चोरी. आज ती झाली असती, तर मोबाईल परत देऊन त्याला काही दिवस बिनपगारी लोकोपयोगी काम करावं लागलं असतं, आणि घरी झोपता आलं असतं. पंधरा वर्षं उशिरा का होईना, कायदा त्या पोरापर्यंत पोहोचला.

पण ही सेवा कुठं करायची? दवाखाना, शाळा, वाचनालय, कुणीतरी दार उघडावं लागेल. हा चोर आमच्याकडं नको, असं प्रत्येकजण म्हणाला, तर ही शिक्षाही पुस्तकातच राहील, १९५८ च्या कायद्यासारखी. आपल्या कब्रस्तानची भिंत पडली आहे, मोहल्ल्याच्या वाचनालयातली पुस्तकं लावायची आहेत, मुलांच्या शिकवणीला माणूस हवा आहे. कोर्टानं विचारलं तर आपण हो म्हणू का?

दोन वर्षांपूर्वी जमातीच्या बैठकीत मी एक वही पुढं ठेवली. किरकोळ आणि पहिल्याच गुन्ह्यात अडकलेल्या मुलांसाठी, मग ती कुठल्याही धर्माची असोत, जामीन राहायला कोण तयार आहे, त्याची यादी. बराच वेळ कुणी बोललं नाही. एक बुजुर्ग म्हणाले, "मास्तर, चोरों के वास्ते जमात बदनाम होंगी." मी म्हणालो, "मीही असंच म्हणालो होतो." मग सगळी हकिकत सांगितली. या वेळी काहीही न गाळता. कुणीतरी विचारलं, जकातीच्या आठ मसारिफमध्ये माना सोडवणं आहे, त्यातून या मुलांसाठी काही करता येईल का? ते उलेमांनी ठरवावं. सहीला तर जकातही लागत नाही. वहीत आज सात नावं आहेत. पहिलं माझं. चौथं त्या बुजुर्गांचं.

गेल्या रमजानमध्ये एका अनोळखी नंबरावरून फोन आला. खालांचा धाकटा होता. चाळिशीकडं झुकलेला आवाज. अम्माच्या कबरीवर नावाची पाटी लावायची आहे, कब्रस्तानच्या कमिटीत कुणाला विचारू, असं विचारत होता. कामाचं बोलणं झालं. तो फोन ठेवणार, तेवढ्यात मी म्हणालो, "अरे, २००९ मध्ये मी सही करू शकत होतो. परवानगी वगैरे काही लागत नव्हती. मी खोटं बोललो."

पलीकडं थोडा वेळ नुसता रस्त्याचा आवाज येत राहिला. मग तो म्हणाला, "मालूम था मास्तर. अम्मा कू भी मालूम था. अम्मा मेरे कू बोली थी, मास्तर कू टाईम नै मिल्या, उनपे गुस्सा नक्को कर."

पाटी ईदच्या आधी लावली. तो आला होता. इफ्तारला माझ्या घरी जेवला. ऐपतीचा माझा दाखला जुना झाला आहे. त्याला एसटीत बसवून परतलो, आणि दुसऱ्या दिवशी नवा काढायला तहसीलला गेलो.